घोट्याची तालीम

"काय न्हाय, पाय मुरगाळलाय नुसता."

कोल्हापुरात हे वाक्य बारा महिने ऐकू येते. फुटबॉलच्या हंगामात छत्रपती शाहू स्टेडियमच्या कडेला बूट काढून बसलेला खेळाडू ते म्हणतो. जुलैच्या पावसात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे निघालेला तरुण निसरड्या उतारावर मटकन खाली बसतो आणि सोबत्यांना तेच सांगतो. उसाच्या सरीतून वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन बांधावर चढताना जिचा पाय वाकडा पडला, ती बाईही तेच म्हणते आणि भारा पुन्हा डोक्यावर घेते. या वाक्यातला 'नुसता' हा शब्द मला खटकतो. हाड मोडले नाही, प्लास्टर चढले नाही, म्हणून नुसता. चार दिवस सूज, आठ दिवस लंगडणे, मग सगळे विसरून जातात.

घोटा मात्र विसरत नाही. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो, आणि तेही अवघड जागी नाही. खडकाळ उतारावर माणूस जपूनच चालतो. घोटा दगा देतो तो रिक्षातून उतरताना, फोनवर बोलत चालताना, डांबराची कड संपून माती सुरू होते त्या बोटभर उंचीवर. माझा उजवा घोटा तीनदा गेला. पहिल्यांदा मैदानात, पुढच्या दोन्ही वेळा घराच्या पायरीवर. दुखणे फार नव्हते. पण त्यानंतर जिना उतरताना हात आपोआप कठड्याकडे जाऊ लागला, चाळिशीच्या आतच मी पायाखाली बघत चालू लागलो, तेव्हा कळले की दुखायचे थांबले म्हणजे पाय बरा झाला असे नाही.

या अवस्थेला घोट्याची जुनाट अस्थिरता म्हणतात. दवाखान्यात 'क्रॉनिक अँकल इन्स्टॅबिलिटी' असा शब्द कानावर पडेल. घोटा पहिल्यांदा मुरगळलेल्या माणसांपैकी पुढे किती जण या वाटेला लागतात, हे वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळे आले आहे, पण काहींत ते ४० टक्क्यांपर्यंत जाते. २०१३ मध्ये घोट्यावर काम करणाऱ्या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ही अवस्था ओळखण्याच्या खुणा ठरवून दिल्या. किमान वर्षभरापूर्वी घोटा सुजण्याइतका मुरगळलेला असावा; त्यानंतर तो पुन्हा मुरगळत असावा, किंवा सहा महिन्यांत निदान दोनदा चालता चालता एकदम सटकलेला असावा, किंवा त्याचा भरवसा वाटेनासा झालेला असावा. सिडनीत २००६ मध्ये तयार झालेली नऊ प्रश्नांची, तीस गुणांची एक प्रश्नावलीही यासाठी वापरतात. जिना उतरताना कसे वाटते, एका पायावर उभे राहता येते का, घोटा वळायला लागला तर सावरता येतो का, असे साधे प्रश्न. चोवीस किंवा त्याहून कमी गुण आले तर घोटा अस्थिर धरतात. या साऱ्यात रुग्णाला काय वाटते याला मान आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण अशा माणसाचा एक्स-रे बहुतेकदा स्वच्छ असतो आणि 'काही नाही' म्हणून त्याला घरी पाठवले जाते.

घोटा जवळजवळ नेहमी आतल्या बाजूलाच का उलटतो? पायाला हात लावून पाहा. आतला आणि बाहेरचा असे जे दोन उंचवटे लागतात, ती नडगीचे जाड हाड आणि त्याच्या शेजारचे बारीक हाड यांची खालची टोके. बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा खाली आलेला असतो. त्यामुळे तळवा बाहेरच्या अंगाला वळू लागला की तो आडवा येतो, आतल्या अंगाला मात्र वाट मोकळी राहते. त्यात आतल्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे आपण लिगामेंट म्हणतो तो, रुंद आणि दणकट आहे. बाहेरच्या बाजूला तीन सुटे पट्टे आहेत. त्यातला सर्वांत पुढचा पट्टा सर्वांत आधी फाटतो, जोराचा मार असेल तर मधला. मागचा क्वचितच.

दोन उंचवट्यांच्या खाचेत जे हाड बसते ते पाचरीसारखे असते, पुढून रुंद, मागून निमुळते. पाऊल वर खेचलेले असताना रुंद भाग खाचेत घट्ट बसतो आणि सांधा पक्का होतो. चवडा खाली झुकला की निमुळता भाग खाचेत येतो आणि सांध्यात हालायला जागा होते. उडी मारून खाली येताना, पायरी उतरताना, उंच टाचेच्या चपलेत आपण नेमके त्याच सैल स्थितीत असतो. हेडर मारून खाली येणाऱ्या खेळाडूचा पाय दुसऱ्याच्या बुटावर पडला की घोटा का जातो, याचे उत्तर या पाचरीत आहे.

हाडांनी आणि पट्ट्यांनी जे होत नाही ते स्नायूंनी करायचे. पोटरीच्या बाहेरच्या अंगाने दोन स्नायू उतरतात. त्यांच्या कंडरा, म्हणजे टेंडन, बाहेरच्या घोट्यामागून, कप्पीवरून दोर जावा तसे वळून पावलाला जातात आणि त्याला बाहेर खेचतात. त्यांना पेरोनियल म्हणतात. पाऊल आत उलटू लागले की त्यांनी ते सावरायचे. आता वेळेचा हिशोब पाहा. अचानक तिरक्या होणाऱ्या फळीवर माणसाला उभे करून केलेल्या मोजणीत या स्नायूंना जाग यायलाच सेकंदाचा विसावा ते बारावा भाग लागतो. जाग आल्यावर ताकद भरायला आणखी वेळ. घोटा उलटायला लागणारा वेळही जवळपास एवढाच. म्हणजे पाय वाकडा पडल्यावर सावरू म्हणणारा घोटा उशीरच करणार.

मग धडधाकट घोटा वाचतो कसा? तो आधीच तयार असतो. पाऊल जमिनीला टेकण्यापूर्वीच मेंदूने स्नायूंना किंचित ताणून ठेवलेले असते. कुस्ती पाहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पट निघाल्यावर पाय मागे घेणारा मल्ल उशिरा पोचतो. जाणता मल्ल समोरच्याचा खांदा हलला की पाय काढून घेतो. घोट्याचेही तसेच आहे, आणि मुरगळल्यावर त्याची हीच जाण हरवते. फाटलेला पट्टा काही महिन्यांत बऱ्यापैकी सांधला जातो. जाण आपोआप परत येईलच असे नाही. ती शिकवावी लागते. या लेखात मला सांगायचे आहे ते एवढेच, बाकी सगळा त्याचा विस्तार आहे.

हा विचार १९६५ मध्ये ब्रिटिश शल्यविशारद मायकेल फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदा नीट मांडला. पुढे कृत्रिम गुडघ्याच्या कामासाठी ते जगभर ओळखले गेले. पण त्याआधी त्यांचे लक्ष एका साध्या गोष्टीकडे गेले होते: पाय मुरगळून बऱ्या झालेल्या माणसांना त्या पायावर नीट तोल धरता येत नव्हता. अस्थिबंधांत सांध्याची हालचाल टिपणारी सूक्ष्म संवेदकांची जाळी असते; पट्टा फाटताना ती तुटते आणि मेंदूला खबर पोचत नाही, असा त्यांचा तर्क. त्यांनी रुग्णांना डगमगणाऱ्या फळीवर उभे राहून तोल सांभाळायला लावले, आणि घोटा सटकण्याची तक्रार कमी झाली. आज जगभरच्या फिजिओथेरपीच्या खोल्यांत ठेवलेली ती गोल फळी, 'वॉबल बोर्ड', तिथून रुळली.

उपाय खरा ठरला, तर्क मात्र पुढे दुरुस्त करावा लागला. निरोगी माणसांचे हे अस्थिबंध इंजेक्शनने बधिर करून पाहिले, तरी त्यांचा तोल अपेक्षेइतका बिघडला नाही. कारण स्नायू, कंडरा, तळव्याची कातडी हेही मेंदूला खबर देत असतात. दुसरी गोष्ट त्याहून चकित करणारी: एक घोटा मुरगळला की पुष्कळ जणांचा दुसऱ्या, न दुखावलेल्या पायावरचा तोलही कमी होतो. एका पायाच्या पट्ट्याला इजा झाली तर दुसऱ्या पायाने का डगमगावे? म्हणजे बिघाड एका सांध्यापुरता राहत नाही, पाठीच्या कण्यात आणि मेंदूत जिथे दोन्ही पायांचा कारभार चालतो तिथपर्यंत तो पोचतो. अशी माणसे तोल राखण्यासाठी डोळ्यांवर जास्त विसंबतात. चालताना त्यांचे पाऊल बाहेरच्या कडेवर पडते, म्हणजे प्रत्येक पावलागणिक ती पुढच्या मुरगळण्याच्या थोडी जवळ जातात. अमेरिकेतले संशोधक जे हर्टल यांनी २००२ मध्ये आणि सहकाऱ्यासह २०१९ मध्ये या आजाराचा जो आराखडा मांडला, त्यात सांध्याचा सैलपणा, स्नायूंचे नियंत्रण आणि माणसाच्या मनातली भीती या तिन्हींना जागा आहे. भीतीला वैद्यकाने आराखड्यात घेतले, हे वाचून मला बरे वाटले होते. कठड्याकडे जाणारा माझा हात त्यात कुठेतरी होता.

आपल्याकडे मुरगळलेल्या पायाचे काय होते? आंबेहळद, रक्तबोळ, तुरटीचा लेप लागतो. मिठाच्या गरम पाण्याचा शेक होतो. कुणीतरी 'हात चांगला' असलेला माणूस पाय चोळून देतो, कधी खेचून 'बसवतो'. लेपाशी माझे भांडण नाही. त्याने निदान माणूस पाय उशीवर ठेवून स्वस्थ बसतो. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत जोराने चोळणे आणि हिसका देणे यात खरे नुकसान आहे. आत ताजा फाटलेला पट्टा असतो, रक्त साकळत असते, आणि बसवायला तिथे काही निसटलेलेच नसते. हाड मोडले असेल तर प्रकरण आणखी बिघडते.

हाड मोडले आहे का हे ओळखायला १९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावा इथे डॉक्टरांनी सोपे नियम तयार केले आणि ते आज जगभर वापरले जातात. आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या टोकावर, अथवा त्याच्या मागच्या कडेच्या खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये हाडावर दाबल्यावर दुखते का? पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे हाड वर आलेले लागते त्यावर, किंवा आतल्या कडेच्या कमानीवरच्या हाडावर दुखते का? दुखापतीनंतर लगेच आणि दवाखान्यातही चार पावले टाकता येत नाहीत का? यातले काही 'हो' असेल तर एक्स-रे काढायचा, मग तो सीपीआर रुग्णालयात काढा नाहीतर पेठेतल्या दवाखान्यात. एरवी बहुतेकदा त्याची गरज पडत नाही. बर्फ आणि संपूर्ण विश्रांती हा १९७८ पासून घराघरांत पोचलेला सल्लाही आता तसाच राहिलेला नाही. तो मांडणाऱ्या गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनीच पुढे तो बदलला. पट्टीने दाब द्यावा, पाय उंच ठेवावा, आणि सोसेल तसे लवकर हलवायला, टेकवायला लागावे, इकडे आता कल आहे. महिनाभर पाय गुंडाळून ठेवला तर स्नायू सुकतात आणि जाण आणखी बोथट होते.

सूज उतरली, चालता येऊ लागले. नव्वद टक्के लोक इथे थांबतात असे म्हणण्याचा मोह होतो, पण आकडा माझ्याकडे नाही. मैदानावर जे दिसते ते सांगतो: पेठेचा सामना तोंडावर असतो, समोर पाटाकडील तालमीचा संघ असो, खंडोबा असो, दिलबहार असो, मुलगा क्रेप बँडेज गुंडाळून उतरतो. त्याच्या जिगरीबद्दल मला आदर आहे. पण तालमीच्या नावाने खेळणाऱ्या या मुलांना घोट्याची तालीम कुणी देत नाही, याचे वाईट वाटते.

ती तालीम अशी चालते. आधी सांध्याची मोकळीक. भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, अंगठा भिंतीपासून काही बोटे लांब ठेवायचा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. टेकला तर पाऊल थोडे मागे घ्यायचे. ज्या अंतरावर टाच उचलली जाते ते मोजायचे, मग दुसऱ्या पायाचे मोजायचे. मुरगळलेल्या बाजूला अंतर कमी निघाले की समजावे, पाऊल पुरते वर येत नाही, पाचर खाचेत पक्की बसत नाही. आपल्याकडे याची घरगुती परीक्षाही आहे. टाचा टेकून उकिडवे बसा. एकीकडची टाच वर राहिली तर कारण शोधावे लागेल. हाच व्यायाम म्हणून दिवसातून दोन-तीनदा करायचा. अडकलेपण जुने असेल तर फिजिओथेरपिस्ट हाताने ते पाचरीसारखे हाड मागे सरकवून सांधा मोकळा करतात, आणि ते काम त्यांचेच आहे.

मग ताकद. खुर्चीवर बसून पावलाच्या बाहेरच्या कडेला रबरी बँड अडकवायचा आणि पाऊल बाहेर खेचायचे. बँड नसेल तर सायकलची जुनी ट्यूब चालते. खेचताना घाई चालेल, परत येताना मात्र सावकाश, कारण घोटा उलटत असताना स्नायूला नेमके हेच काम करायचे असते, लांबत लांबत रोखून धरायचे. भिंतीचा हलका आधार घेऊन एका पायाच्या चवड्यावर चढणे-उतरणे, आधी दहा, मग पंधरा, मग वीस. आणि पार्श्वभागाच्या कडेचा स्नायू, ज्याचा घोट्याशी संबंध कुणाला सुचत नाही. एका पायावर उभे असताना कंबर ढळू न देण्याचे काम त्याचे. कंबर ढळली की सगळा भार पावलाच्या कडेवर जातो. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा, हा त्याचा सर्वांत साधा व्यायाम.

इथे कोल्हापूरच्या तालमीबद्दल थोडे बोलायला हवे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले, त्याच्याही आधीपासून या गावाने शरीर घडवण्याचे शास्त्र जपले आहे. पहाटेची मेहनत, जोर, बैठका, दोर, हौद्यातली माती फावड्याने खणणे. बैठकीत मल्ल चवड्यावर उठतो-बसतो, पोटऱ्या लोखंडासारख्या होतात. पण पाहा, ही मेहनत बहुतेक दोन्ही पायांनी जोडीने होते. जोराला तर चारही हातपाय जमिनीला. जोडीने काम करताना कमजोर पाय सशक्त पायाच्या आड लपतो. हजार बैठका मारणारा गडी एका पायावर डोळे मिटून दहा सेकंद उभा राहताना डगमगू शकतो, कारण ती वेगळी विद्या आहे. आणि उलटही आहे: अनवाणी पायाने, भुसभुशीत लाल मातीत, क्षणोक्षणी बदलत्या भारात पाऊल जे शिकते, ते गुळगुळीत फरशीवर शिकत नाही. फिजिओथेरपीत एका पायावरचा तोल जमला की पायाखाली फोमची गादी देतात. आपल्याकडे हौद्यातली खणलेली माती आहे. कोणी तिचा असा अभ्यास केल्याचे माझ्या पाहण्यात नाही, पण कुणा वस्तादाने आणि फिजिओथेरपिस्टने मिळून तो करावा, असे मनापासून वाटते.

तोल हा या तालमीचा गाभा. सुरुवात एका पायावर अर्धा मिनिट उभे राहण्याची, गुडघा किंचित वाकलेला, हात कमरेवर. जमले की डोळे मिटून. डोळे मिटताच कळते की आतापर्यंत पाय उभा नव्हता, डोळे उभे होते. पायाचे बोट न बोट पकडू पाहते, घोटा थरथरतो. ही थरथर म्हणजे अपयश नव्हे, मेंदू पावलाची खबर पुन्हा ऐकायला लागल्याची ती खूण आहे. जवळ भिंत किंवा खुर्ची असू द्यावी. मग गादीवर, मग डगमगत्या फळीवर. त्यानंतर एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने जमिनीवर लांबात लांब टेकायचे: समोर, मागे तिरके आतल्या बाजूला, मागे तिरके बाहेरच्या बाजूला. खडूने खुणा करायच्या. किती सेंटिमीटर पोचला हे आठवड्याला लिहून ठेवले की प्रगती डोळ्यांना दिसते, आणि दुसऱ्या पायाशी तुलनाही होते. दवाखान्यात हीच चाचणी वापरतात.

पुढचा टप्पा लोक गाळतात आणि तिथेच घात होतो. स्थिर उभे राहणे जमले म्हणजे खेळता येईल असे नव्हे. खेळात पाय टेकताना लक्ष चेंडूवर असते, समोरच्या बचावपटूवर असते. म्हणून एका पायावर उभे राहून भिंतीवर चेंडू मारायचा आणि झेलायचा. मित्राने मध्येच खांद्याला हलका धक्का द्यायचा. लक्ष दुसरीकडे असताना घोट्याने आपले काम करायला शिकायचे. मग एका पायाने छोटी उडी, आणि टेकल्यावर दोन सेकंद पुतळ्यासारखे थांबणे. आधी पुढे, मग कडेला, मग तिरके. टेकताना आवाज किती होतो ते ऐकायचे. धप् झाले की गुडघा वाकला नाही असे समजावे. शेवटी धावत येऊन दिशा बदलणे, आधी निम्म्या वेगाने. कबड्डीत चढाई करणाऱ्याला याची गरज फुटबॉलपटूइतकीच आहे, कारण तिथे घोटा हाच पकडीचा निशाणा असतो.

हे सगळे दवाखान्यात जाऊनच करायला हवे का? याचे चांगले उत्तर नेदरलँड्समधून आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नुकताच घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंचे दोन गट केले. दोन्ही गटांनी नेहमीचे उपचार घेतले. एका गटाला त्यावर आठ आठवड्यांचा तोलाचा व्यायाम घरी, कुणाच्या देखरेखीविना करायला दिला. वर्षभरात नेहमीच्या गटातल्या ३३ टक्के खेळाडूंचा घोटा पुन्हा मुरगळला, व्यायाम केलेल्या गटात २२ टक्क्यांचा. घरच्या घरी, एका साध्या फळीवर, दर नऊ जणांमागे एकाची पुन्हा होणारी दुखापत टळली. मला हा आकडा मोठा वाटतो. अर्थात ही माणसे ताज्या दुखापतीची होती. ज्यांचा घोटा वर्षानुवर्षे सटकतो आहे, त्यांनी सुरुवातीला तरी फिजिओथेरपिस्टकडे जाऊन नेमके काय बिघडले आहे ते तपासून घ्यावे. कुणाचा सांधा अडकलेला असतो, कुणाचा सैल. एकाचा व्यायाम दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

घोट्यावर बांधायच्या ब्रेसच्या बाबतीत एक गैरसमज आहे की त्याने घोटा दुबळा होतो. नेदरलँड्समध्येच २०१४ मध्ये ३४० खेळाडूंवर दुसरी चाचणी झाली. वर्षभर खेळताना ब्रेस घालणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांचा घोटा पुन्हा मुरगळला, आठ आठवडे फक्त व्यायाम करणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांचा. म्हणजे मैदानात उतरताना निदान पहिले वर्ष ब्रेस घालण्यात कमीपणा काही नाही. पण ब्रेस मैदानावर असतो, घराच्या पायरीवर नसतो. दोन्ही हवेत. सैलसर क्रेप बँडेज मात्र ब्रेसचे काम करत नाही. त्याने धीर तेवढा येतो.

कोल्हापुरी चपलेचा उल्लेख टाळता येणार नाही. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तिच्या सपाट तळाला उंच टाचेच्या सँडलपेक्षा मी कधीही चांगले म्हणेन. जमीन जवळ राहते. पण टाच मोकळी आणि ओल्या दगडावर कातडे निसरडे. जुना अस्थिर घोटा घेऊन पावसाळ्यात पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या उतरायच्या असतील, किंवा पावनखिंडीची वाट धरायची असेल, तर पावलाला मागून धरणारी पादत्राणे हवीत.

तीन ते सहा महिने मनापासून व्यायाम करूनही घोटा सटकतच राहिला आणि तपासणीत पट्टा खरोखर सैल निघाला, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. स्वीडनचे लेनार्ट ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ मध्ये फाटलेला पट्टा त्याच्याच जागी आखडून शिवण्याची जी पद्धत सांगितली, तीच थोड्या सुधारणांसह आजही बहुतेक ठिकाणी वापरतात. पण शस्त्रक्रियेनंतर याच व्यायामांच्या पायऱ्या पहिल्यापासून चढाव्या लागतात. शिवलेल्या पट्ट्याला तोल येत नाही.

कशासाठी एवढे करायचे, असे विचारणाऱ्याला एक गोष्ट सांगावी लागते. गुडघा आणि खुबा वयाने झिजतात, घोटा सहसा वयाने झिजत नाही. घोट्याचा संधिवात बहुतेकदा जुन्या इजेतून येतो, आणि वर्षानुवर्षे सटकत राहिलेला सांधा त्यातलाच. विशीतला 'नुसता मुरगाळलाय' पन्नाशीत रंकाळ्याची फेरी बंद पाडू शकतो.

२०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव देशाकडून खेळला, तेव्हा पेठापेठांतून पोरे मैदानाकडे धावली. त्या वयातल्या मुलांना एखादा प्रशिक्षक सरावाच्या सुरुवातीला दहा मिनिटे एका पायावर उभे करील, उड्या मारून थांबायला शिकवील, तर त्याला खर्च काही नाही. फळी सुताराकडून करून घेता येते: हातभर व्यासाची गोल प्लायवूड, खाली मधोमध अर्ध्या चेंडूएवढा लाकडी गोळा. आणि दुखापतीतून परतणाऱ्या मुलाला मैदानात सोडण्याआधी तीन गोष्टी पाहता येतात: भिंतीपासूनचे अंतर दोन्ही पायांचे जवळपास सारखे आले का, एका पायाने कडेला उडी मारून तो न डगमगता थांबतो का, आणि त्याला स्वतःला घोट्याचा भरवसा वाटतो का. तिसरा प्रश्न विचारताना मुलाच्या बापासमोर किंवा मंडळाच्या पोरांसमोर विचारू नये. बाजूला घेऊन विचारावा. तालमीतला वस्ताद बरेच दिवस बाहेर राहिलेल्या मल्लाला आल्या दिवशी जोडीदारासमोर उभा करत नाही. आधी मेहनत, मग हलक्या अंगाच्या पोराबरोबर लढत, आणि त्याची चाल बघून वस्तादाची मान हलली तरच पुढचे.